शून्य तासांचा रकाना

“हात लावून पाहिलं का?”

हा प्रश्न विचारताना ते आपला उजवा तळहात समोरच्या वस्तूवर हलकेच टेकवीत. ती वस्तू टेबल असो, भिंत असो वा नुसता कागद. पाचही बोटे किंचित विलग, डोळे अर्धे मिटलेले. पूजेच्या आरंभी न्यास करताना मंत्र म्हणत अवयवांना स्पर्श करतात, त्याची मला आठवण होई. ज्यांचे ज्ञान डोळ्यांपेक्षा हातांतून आत शिरते अशी माणसे आपणही पाहिली असतील. मला असे गृहस्थ माझी सत्तरी उलटल्यावर भेटले, तेही डब्लिनच्या पश्चिमेस ओंगार येथे, माझ्या मुलीच्या जेवणाच्या टेबलापाशी.

माझी मुलगी मुक्ता मूळची वास्तुविशारद. ती तिघांच्या एका लहान संस्थेत काम करते. विणकर, कुंभार, वाद्ये घडविणारे, नाटकमंडळी अशा कलेवर जगणाऱ्यांचा व्यवसाय कसा टिकेल, त्यांना जागा कोठे व कशी मिळावी, याविषयी सल्ला देणे हे या संस्थेचे काम. प्रमुख एक आयरिश बाई. त्यांनी पूर्वी अनेक वर्षे नाट्यगृह सांभाळलेले. दुसरी मुक्ता. आणि तिसरे हे गृहस्थ, नागपूरचे, पन्नाशी ओलांडलेले. डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉक भागातील एका कंपनीत संगणकावरचे फॉर्म रचता रचता ते कंटाळले आणि इकडे आले. येथेही त्यांच्या वाट्याला फॉर्मच आले. परंतु येथे फॉर्म भरणारा माणूस समोर बसलेला असे, एवढा फरक त्यांना पुरेसा होता.

संस्थेच्या कार्यालयाची डागडुजी निघाली तेव्हा काही महिने ही मंडळी आमच्या घरी बसू लागली. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, “सागवान नाही गुरुजी. पण प्रामाणिक आहे.”

एकदा माझी सकाळची पूजा चालू असताना ते लवकर आले. दाराशीच थांबले. मी सहाणेवर चंदन उगाळीत होतो. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, “मी उगाळू का?” मी हातपाय धुऊन यायला सांगितले. त्यांनी खोड हाती घेतले ते सोडीचनात. देवांना पुरून उरले, मुक्ताच्या कपाळाला लागले, तरी उगाळणे चालूच. शेवटी मुक्ता म्हणाली, “काका, मीटिंग आहे. आयरिश बाईंना पण लावणार आहात का?” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “त्यांना विचारून पाहतो.” आणि खरोखरच विचारले. बाईंनी आनंदाने कपाळ पुढे केले.

लेस विणणाऱ्या एका वृद्धेने त्यांना तीनदा हात धुवायला लावल्यावरच विणकामाला स्पर्श करू दिला, ही गोष्ट ते मोठ्या अभिमानाने सांगत. “तिसऱ्या वेळी साबण तिनंच दिला गुरुजी. तेव्हा समजलं, आता विश्वास बसला.” पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, आणि हात लावल्याशिवाय पाहिले म्हणायचे नाही, असा त्यांचा नियमच होता. हा नियम त्यांनी एकदाच मोडला. मी सांगणार आहे ती हकीकत त्याच प्रसंगाची.

पश्चिम किनाऱ्यावरील एका लहान गावात एक वयोवृद्ध कारागीर हार्प घडवीत. येथील नाण्यांवर जे तंतुवाद्य कोरलेले असते, तेच हे. त्यांची कार्यशाळा तेथील कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, मालकीच्या एका जुन्या इमारतीत होती. तळमजल्यावर ते काम करीत. वरच्या मजल्यावर काही फळ्या रचून ठेवलेल्या होत्या. इमारतीचा अधिक चांगला उपयोग कसा करावा, हे कौन्सिलने या संस्थेला विचारले. मंडळी जाऊन पाहून आली. गृहस्थांनी कारागिरांकडून फॉर्म भरून घेतला. त्यात एक रकाना होता : ‘ही जागा आठवड्यात किती तास वापरात असते?’ वरच्या मजल्यापुढे कारागिरांनी लिहिले, शून्य.

त्या आधारे अहवाल तयार झाला. वरचा मजला रिकामाच आहे, तेथे प्रदर्शनाचे दालन आणि चहापानाची जागा करावी. फळ्या समुद्राकाठच्या एका गोदामात हलवाव्यात. मुक्ताने सुरेख नकाशा काढला. अहवाल कौन्सिलकडे गेला. सोमवारी त्यावर निर्णय व्हायचा होता.

शुक्रवारी दुपारी गृहस्थ छापील प्रत चाळत बसले होते. एका पानावर त्यांचा तळहात थांबला आणि तेथेच राहिला. त्यांच्यापुढचा चहा निवला.

“काय झालं?” मी विचारले.

“गुरुजी, वर मी गेलोच नाही.”

तेथे जाण्यास उभी लाकडी शिडी होती. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती. ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. मोजपट्टी त्यांनी मुक्ताच्या हाती दिली आणि स्वतः खालीच राहिले.

“मी गेले होते ना काका,” मुक्ता म्हणाली. “माप घेतलं, फोटो काढले. फळ्या आहेत, कोळिष्टकं आहेत. बाकी काही नाही.”

“फोटोला हात लावून काय समजते बेटा? त्या फळ्यांच्या मध्ये काड्या आहेत बघ. प्रत्येक दोन फळ्यांत. टाकून दिलेल्या लाकडात हवा खेळायला कोणी काड्या ठेवते का?”

मुक्ताने छायाचित्र मोठे करून पाहिले. मग म्हणाली, “रिपोर्ट गेलाय काका.”

“म्हणूनच तर भीती वाटून राहिली.”

शनिवारी सकाळी आम्ही तिघे निघालो. मला नेण्याचे काही कारण नव्हते. पण आदल्या दिवशी केलेल्या दशम्या घरात होत्या आणि गाडीत एक जागा होती. वाटेत ते फारसे बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, “नसलं काही तर मी येडा ठरलो एवढंच. ते परवडते.”

शिडी मी धरली. ते एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत चढले. मुक्ता त्यांच्या मागोमाग. कारागीर माझ्या शेजारी उभे राहून आदरपूर्वक वर पाहत होते. इतक्या वृद्ध माणसाने शिडी धरावी आणि इतक्या लंगड्या माणसाने ती चढावी, याचे त्यांना नवल वाटत असावे.

वर फळ्यांवरून हात फिरल्याची सरसर ऐकू येत होती. मग आवाज आला, “गुरुजी, इथं प्रत्येक फळीच्या टोकावर खडूनं वर्ष लिहिलं आहे.” पावले पुढे सरकली. “ही कोरडी ठणठणीत आहे. ही अजून थंड लागते. ह्या आतल्या फळ्यांवरचं अक्षर वेगळं आहे.”

“ते माझ्या वडिलांचं,” मी इंग्रजीत सांगितल्यावर कारागीर म्हणाले.

मुक्ता तोवर खाली उतरली होती. तिच्या प्रश्नांना त्यांनी संथपणे उत्तरे दिली. हार्पचे लाकूड असेच, हवेवर, वर्षानुवर्षे वाळावे लागते. घाई केली तर तारा ताणताना ते फुटते. समुद्राकाठच्या गोदामात नेले तर दमट हवेने एका हिवाळ्यात सारे वाया जाईल. वडिलांनी रचलेल्या फळ्यांचे हार्प ते आता करीत होते.

“मग तुम्ही फॉर्ममध्ये शून्य तास का लिहिलंत?” मुक्ता जवळजवळ रडकुंडीला आली होती.

“तुम्ही विचारलंत किती तास वापरतो. फळी काढायला वर्षातून एकदा वर जातो, एरवी नाही. लाकडाचं काम लाकूड करतं. मी त्याच्या मध्ये येत नाही.”

गृहस्थ शिडीवरून हळूहळू उतरले. कपाळावर घाम होता. ते कारागिरांना म्हणाले, “चूक तुमच्या उत्तरात नव्हती. माझ्या रकान्यात होती.”

परतताना त्यांनी बाईंना फोन केला. दिलेला अहवाल आपण होऊन चुकीचा म्हणणे हे सल्लागाराला किती जड, हे मला त्या दिवशी कळले. पुढचे काम कोण देईल ही शंका असतेच. बाईंचे उत्तर मी गाडीत बसल्या बसल्या ऐकले. “चुकलं असेल तर चुकलं. पण ते तू स्वतः सांगायचंस, आणि लोक कोट काढून बसायच्या आत, अगदी सुरुवातीलाच.”

सोमवारची बैठक संगणकाच्या पडद्यावर झाली. तिघे आमच्या टेबलाशी ओळीने बसले. मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभा राहिलो. मनात नामस्मरण चालू होते. गृहस्थांनी सर्वांत आधी बोलण्याची परवानगी मागितली आणि सरळ सांगितले, की बारावे पान चुकीचे आहे, ते माझे आहे, मी वर चढलो नव्हतो.

पडद्यावरील एक अधिकारी म्हणाले, “ठीक आहे. मग त्या रकान्यात कोणता आकडा घालायचा?”

“एकशे अडुसष्ट.”

“आठवड्याला?”

“सात दिवस, चोवीस तास. लाकूड रविवारीही वाळतं.”

मग कोणीतरी हसले, आणि त्या हसण्यात उपहास नव्हता. पुष्कळ प्रश्न झाले. प्रदर्शन पुढच्या खोलीत मावेल का, याचे उत्तर मुक्ताने दिले. तिने रविवारी बसून नवा नकाशा काढला होता. अखेर अध्यक्षबाई म्हणाल्या, “तर मग वरचा मजला आहे तसा राहू द्यावा. ग्रँड.” हा शब्द येथे चहा चांगला झाला यापासून देवाची कृपा झाली इथपर्यंत सर्व अर्थांनी वापरतात. त्या दिवशी मी तो दुसऱ्या टोकाला घेतला.

पडदा मिटल्यावर मी पाहिले, गृहस्थांचा तळहात टेबलावर उताणा पडला होता. एवढा काळ त्यांना पाहत होतो, पण तो हात काहीही न तपासता नुसता विसावलेला मी तेव्हाच पाहिला. त्यांनी ओळीने दोन कप चहा घेतला. मी देवापुढे तुपाचे निरांजन लावले.

पुढे त्यांनी फॉर्म बदलला. तासांच्या रकान्याआधी एक नवा प्रश्न घातला : ‘येथे काय आपले आपण होत आहे?’ मुक्ता सांगते, या एका प्रश्नाला लोक पानभर उत्तर लिहितात.

शरद ऋतूत कारागिरांनी हार्पसाठी आणलेल्या विलो झाडाच्या एका नव्या फळीवर वर्ष लिहायला गृहस्थांना बोलावले. त्यांनी पुन्हा शिडी चढून खडूने देवनागरी आकडे लिहिले. ते कोणाला वाचता येतील, असे मुक्ताने विचारले तेव्हा कारागीर म्हणाले, “वाळेपर्यंत कोणीतरी शिकेल.”

त्याच हिवाळ्यात गृहस्थ नागपूरला परतले, आईजवळ राहण्यासाठी. कार्यालय दुरुस्त होऊन मंडळी तिकडे गेली. आमचे टेबल पुन्हा जेवणाचे झाले. कधी कधी जेवण होऊन ताटे उचलल्यावर माझा हात नकळत त्या प्रामाणिक लाकडावर टेकतो.

गेल्या वसंतात मुक्ता कामासाठी त्या गावी गेली तेव्हा मीही गेलो. आता मला शिडी चढवत नाही. मी ती खालून धरली आणि मुक्ता वर गेली. तिच्या पावलांचा आवाज फळ्यांपाशी जाऊन थांबला.

“बाबा, सापडली. आकडे आहेत अजून.”

“हात लावून पाहिलं का?” मी विचारले.

वर फळी सरकल्याचा आवाज झाला.

“लावला. अजून ओली आहे.”

“असू दे,” मी म्हणालो, आणि ती उतरेपर्यंत शिडी धरून उभा राहिलो.