गुंड्याचं जावळ

"कात्री न्हाई लावायची हं. जावळ व्हायचंय अजून त्येचं."

काकू असं म्हणाल्या आणि मी हातातला क्लिपर परत टेबलावर ठेवला. क्लिपर म्हणजे केस कापायचं मशीन. माझं काम कुत्र्यांच्या ग्रूमिंगचं. सांगलीत पार्लर आहे. आधी बायकांचं होतं, आता कुत्र्यांचं. नातेवाईक अजून हसतात. हसू देत. कुत्री निदान आरशात बघून कुरकुरत नाहीत.

या काकू विट्याजवळच्या एका गावातल्या. होम व्हिजिटला मला त्यांच्या मुलानं बोलावलं होतं, तेही कोइमतूरहून. तिथं त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे. त्या गावात घरोघरी हीच तऱ्हा. पुरुष बाहेर, पैसा गावात, आणि दोन मजली बंगल्यात एखादी म्हातारी एकटी. काकूंच्या वरच्या खोल्यांना कुलूप होतं. सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं, आणि त्या प्लॅस्टिकवर गुंड्या बसला होता. गुंड्या शित्झू जातीचा, म्हणजे लांब केसांचं, बुटकं, चपट्या नाकाचं कुत्रं. काका वारल्यावर आईला सोबत म्हणून मुलानं पिल्लू असतानाच पाठवलेलं. आता ते वर्षाचं होत आलं होतं आणि त्याला एकदाही कात्री लागली नव्हती.

मी अंगावरून हात फिरवला आणि माझं टाळकंच सरकलं. सगळं अंग मॅट. मॅट म्हणजे केसांच्या गाठी एकात एक गुंतून झालेला घट्ट थर. तो कातडी ओढत राहतो. कुत्रं चाललं तरी ओढ, बसलं तरी ओढ. कानामागून वास येत होता.

"काकू, विंचरत नव्हता का?"

"आंघुळ घालती की! दोन दिसाआड. शिकेकाईनं."

झालं! न विंचरता पाणी पडलं की गाठी आवळत जातात. माया करून करून बाईनं त्याला जखडून ठेवलं होतं.

मी सरळच सांगितलं. "विंचरून हे सुटणार नाही. गाठी आता कातडीला लागल्यात. सगळं काढावं लागेल, आत्ताच. खाली कातडी नासायला लागलीय. अजून थांबलात तर डॉक्टरकडं जावं लागेल."

"दिवाळीला येनार हुता पोरगा," काकू म्हणाल्या. "मग म्हनला जत्रंला येतो. आता म्हनतोय मे महिन्यात. तो आला की करू. नारळबी आनून ठिवलाय."

"अहो काकू, कुत्र्याचं कसलं जावळ?"

काकू गुंड्याच्या डोळ्यांवरचे केस बाजूला करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नातवाचं जावळ तिकडंच केलं त्येंनी. मला फोनवर दावलं. न्हावी बसला, मामानं मांडीवर घेतलं, आन् मधीच नेट गेलं. आलं तवा पोराचं डोस्कं गुळगुळीत झालं हुतं. म्या काय बघितलंच न्हाई बाय."

गुंड्या मागच्या पायानं कान खाजवायला लागला.

"मुलाला विचारू या," मी म्हटलं आणि व्हिडिओ कॉल लावला. समोर दुकान, मागे गिऱ्हाईक.

"आवं मॅडम, टाका की कापून! आमची आई म्हंजे..." तो हसला. मनानं वाईट नव्हता, घाईत होता. "आई, कुत्रं हाय गं ते. लोक हसतील. ठेव, गिऱ्हाईक बसलंय."

"जेवलास का रं?" काकूंनी विचारलं, पण फोन बंद झाला होता.

काकूंनी मोबाईल पदरानं पुसला. उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, आता बाई दार लावून घेणार. तर त्या निरांजन आणि नारळ घेऊन आल्या.

"कर तू. पर रीतीनं करू दे. भाऊ माझा न्हाई आता. मामा कुठनं आनू?"

आमच्या धंद्यात मालकाला कुत्र्याजवळ थांबू देत नाहीत. मालक दिसला की कुत्रं लाडात येतं, अंग झटकतं आणि ब्लेड लागतं. पण गुंड्यानं मशीनचा आवाज जन्मात ऐकला नव्हता. मी क्लिपर चालू केला आणि तो लटपटायला लागला, प्लॅस्टिकवर मुतलाच. टेबलावर तो एक क्षण टिकला नसता.

"तुम्हीच घ्या मांडीवर," मी म्हटलं.

काकूंनी त्याला औक्षण केलं. त्यानं ज्योतीला नाक लावायला बघितलं तेव्हा पहिल्यांदा हसल्या. नारळ फोडला. मी जमिनीवर बसले, लहान ब्लेड लावलं आणि कातडीलगत सावकाश चालवत गेले. मॅट कात्रीनं कधी कापू नये. कातडी गाठीबरोबर वर ओढलेली असते, ती कापली जाते. कानामागं लालभडक झालं होतं, एका ठिकाणी पाणी सुटलेलं. मी थांबत होते, मशीन तापलं की पुसत होते. काकू त्याच्या कानाशी सारखं काहीतरी बोलत होत्या. काय ते मी ऐकलं नाही, ऐकावंसं वाटलंही नाही. सगळे केस घोंगडीच्या तुकड्यासारखे एकसंध निघाले.

मांडीवर उरलं एक गुलाबी, हडकुळं, थरथरणारं पोरगं.

"आगं बया! एवढुसा हाय व्हय ह्यो? मला वाटलं, लय मोठा झाला."

आणि काकू रडल्या. पदर तोंडाला न लावता, सरळ. मी उगाच ब्लेड पुसत बसले. गुंड्या मात्र खाली उतरला, अंग झटकलं, आणि सगळ्या हॉलभर सुसाट पळत सुटला. वर्षभरात त्याला असं पळताच आलं नसावं.

कातडी मलमानं भरून आली. काकूंना मी ब्रश दिला, धरायचा कसा ते शिकवलं.

लोक मला विचारतात, पिल्लाचं ग्रूमिंग कधी सुरू करायचं? घरी आणल्याच्या आठवड्यातच. आधी नुसता हात फिरवायचा, पंजे धरायचे, कान उघडून बघायचे, मऊ ब्रश लावायचा. मशीन न लावता नुसतं जवळ चालू करून आवाज ऐकवायचा. लसी झाल्या की डॉक्टरांना विचारून अंघोळ, मग चौथ्या-पाचव्या महिन्यात थोडी कात्री. आणि कुणी येईल म्हणून थांबायचं नाही. केस कुणासाठी थांबत नाहीत.

मे महिन्यात काकूंचा फोन आला. गुंड्याचे केस वाढलेत, म्हणाल्या.

"मुलगा आलाय ना? त्यालाच मांडीवर घ्यायला सांगा."

"न्हाई आला," काकू म्हणाल्या. "तू कवा येतीस?"