कांचनचं नववं गाणं

"ताई, आवाज एक नंबर आहे. पण पोरगी तालात कच्ची होती," तेजस म्हणाला.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. माझ्या स्टुडिओत बसून, माझाच चहा पिऊन, कांचनला तालात कच्ची म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. आणि तो खोटं बोलत नव्हता, हीच खरी अडचण होती. स्पीकरमधून कांचन गात होती आणि दर दुसऱ्या ओळीला ठेक्यावरून घसरत होती. कुठे अर्धा श्वास आधी, कुठे अर्धा श्वास नंतर.

मी मिक्सिंग इंजिनिअर आहे. पिंपळे सौदागरला एका सोसायटीच्या दुकानांच्या ओळीत, डेअरी आणि ब्यूटी पार्लर यांच्या मधे, माझा स्टुडिओ आहे. पाटी वाचून एका गृहस्थांनी माझ्याकडे स्लॅबच्या काँक्रीटचा भाव विचारला होता, म्हणून आधीच सांगते. गाण्यात गायकाचा आवाज, गिटार, ड्रम असं सगळं वेगवेगळं रेकॉर्ड होतं. ते एकत्र नांदवायचं आणि कुणाला कुणाच्या डोक्यावर बसू द्यायचं नाही, हे माझं काम. एकत्र कुटुंबातली थोरली सून जे करते तेच, फक्त मला त्याचे पैसे मिळतात.

कांचन चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. दिवसभर गाड्यांचे पार्ट तपासायचे आणि उरलेल्या वेळात गाणी रचायची. तिची दोनच गाणी बाहेर आली होती, पण कंपन्यांच्या बसमध्ये, जिममध्ये, गणपतीच्या मांडवात ती वाजायची. बाकीची आठ गाणी तिने माझ्याकडे रेकॉर्ड करून ठेवली होती. "अजून एक हात फिरवते, ताई," म्हणत ती सोडायची नाही. गेल्या वर्षी तिला ताप आला. आठवड्याच्या आत ती गेली. तिशीसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

तेजस एका म्युझिक कंपनीतर्फे आला होता. त्यांना तिचा अल्बम काढायचा होता. आठ गाणी माझ्या हार्ड डिस्कवर तयारच होती. ती मिक्स करताना मला चारदा उठून बाहेर जावं लागलं, पण काम सरळ होतं. प्रश्न होता तो नवव्या गाण्याचा. ते तिने कधी स्टुडिओत गायलंच नव्हतं. घरी, फोनवर, एकदाच रेकॉर्ड केलं होतं. तिच्या आईने, म्हणजे शांतामावशींनी, फोन माझ्या हातात देताना एवढंच म्हटलं होतं, "बाकीची घ्या नाहीतर ठेवा. पण हे घ्या. हे तिनं माझ्यासाठी केलतं."

फोनवरच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये, कांचन राहायची ती सगळी भोसरी शिरलेली होती. हॉर्न, कुकरची शिट्टी, कुत्री, खालच्या वर्कशॉपची धुसफूस. ते सगळं धुऊन काढायचं सॉफ्टवेअर असतं आणि ते चालवण्यात माझा हात धरणारे फार लोक नाहीत. मी दोन दिवसांत आवाज असा स्वच्छ केला की जणू ती काचेच्या खोलीत गायली होती. मग तो ओंकारला पाठवला. ओंकार आमचा अरेंजर, म्हणजे गाण्याभोवती वाद्यं बसवणारा. तो आवाज त्याने ग्रिडवर ठेवला. ग्रिड म्हणजे स्क्रीनवर सारख्या अंतरावर आखलेल्या रेघा. प्रत्येक रेघ एक मात्रा. आवाज रेघांवर बसला की ताल बरोबर.

कांचन एकाही रेघेवर धड बसेना. ओंकारने तिचे शब्द कापून एकेक करून रेघेवर आणून ठेवले. ताल सुटला नाही, पण गाणं मेलं. दुसऱ्या अंतऱ्यात "शिफ्ट सुटली, बस सुटली, सुटेना ही वाट" अशी ओळ आहे. तिथे ती 'वाट' शब्दावर कितीतरी वेळ थांबली होती. शब्द विसरली असेल, असं म्हणून ओंकारने ती जागा सरळ छाटून टाकली होती.

मला हे पटत नव्हतं. स्टुडिओत गायकाच्या कानात आम्ही टिकटिक सोडतो, तिला क्लिक म्हणतात. भले भले त्यात अडखळतात. कांचन कधीच अडखळली नाही. फक्त पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "ताई, ही टिकटिक नको. काहीतरी जड द्या ना, जमिनीतून आल्यासारखं." मी तिला ढोलाचा ठोका दिला. त्यावर ती अशी बसायची की ओंकारला एक केसभर दुरुस्ती करावी लागायची नाही.

"एक मार्ग आहे," तेजस म्हणाला. "तिची आठ गाणी आपल्याकडे आहेत. त्यावर सॉफ्टवेअरला तिच्या आवाजाची शिकवणी द्यायची. मग ते हे गाणं तालात गाऊन देईल. आमच्या टीमने डेमो केलाय, ऐका. तिचाच आवाज वाटतो."

मी ऐकला. आवाज तिचाच वाटत होता, हे खरं. पण आईसाठी गाणाऱ्या मुलीचा वाटत नव्हता. श्वाससुद्धा कुठेतरी दुसरीकडून आणून चिकटवल्यासारखा होता.

"नाहीतर?"

"नाहीतर आठच गाणी. सोमवारी सगळं पाठवायचं आहे. ताई, मी वाईट माणूस नाहीये."

तो नव्हताच. पण आईला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही, असं त्याला सांगितलं आणि स्कूटर काढली.

भोसरीत अन्वरभाईंचं प्रेस शॉप आहे. त्याच्यावरच्या मजल्यावर मावशींची भाड्याची खोली. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याची पट्टी आत सरकते, वरून जड ठोकळा धाडकन खाली येतो आणि एकेक वॉशर पडतो. सकाळपासून रात्रीपर्यंत. जिना चढताना तो ठोका तळपायाला लागतो.

मावशी भाकरी करत होत्या. बीडकडचं कुटुंब, पाहुणा दारात आला की तवा चढतो. नको म्हणण्यात अर्थ नव्हता. मी खाली बसून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पिठाचा गोळा परातीत थापत ऐकून घेतलं.

"म्हंजी ती न गाताच गायली म्हणायचं?"

"तसंच."

"अन् का बरं?"

मला सांगायला जड गेलं. "तालात चुकलंय, मावशी. फोनवरचं."

त्यांचा हात थांबला नाही. "न्हाई चुकलं. मी इथंच बसले होते. माझं लेकरू माझ्या समूर बसून म्हणलं. तुमच्यात काहीतरी चुकायलंय, बघा."

आता मी बत्तीस वर्षं हे काम करते. कुणी मला चुकतेस म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझी नजर त्यांच्या हातावर गेली. खाली प्रेसचा ठोका पडला की वर हात भाकरीवर पडत होता. धप्. धप्. एकदाही मागेपुढे नाही. मावशींना त्याचा पत्ताही नव्हता.

"मावशी, खालचं मशीन बंद कधी असतं?"

"गुरुवारी. वर्कशॉपं समदी बंद असत्यात की. गुरुवारी मला करमतच न्हाई."

"कांचन गुरुवारी घरी गायची?"

"कुठं गायची. मी म्हणायची, आज शांत हाय, आज म्हण की. तर म्हणायची, आई, आज माझ्या तबलजीची सुट्टी हाय."

मी भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या, कारण एका भाकरीवर त्या सोडत नाहीत. तिसरी फडक्यात बांधून दिली, तीही घेतली. मग स्कूटर इतकी जोरात चालवली की नाशिक फाट्यावर एका हवालदाराने नुसती मान हलवली.

स्टुडिओत येऊन फोनमधली मूळ फाइल उघडली. धुतलेली नाही, मळकी. फोनच्या माइकला खालच्या पट्टीतले जड आवाज नीट पकडता येत नाहीत, म्हणून प्रेसचा ठोका त्यात अगदी पुसट होता. मी तेवढाच आवाज उचलून वर आणला. आणि तो सापडला. गाण्याच्या पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. कांचनची प्रत्येक सम त्या ठोक्यावर होती. मी तिचा तबलजीच पुसून टाकला होता आणि वर तिला तालात कच्ची म्हणणाऱ्याला चहा पाजला होता.

मशीन घड्याळासारखं चालत नाही. विजेचा दाब पडला की ते जरासं रेंगाळतं, मग सावरतं. तेही तिला पाठ होतं. मशीन रेंगाळलं की ती रेंगाळायची, सावरलं की सावरायची. आमच्या सरळ रेघांवर ती कशी बसणार? मी जुन्या रेघा पुसल्या आणि प्रेसच्या एकेका ठोक्यावर नवी रेघ हाताने आखली. याला टेम्पो मॅप म्हणतात. सोप्या भाषेत, गायकाला रेघांवर बसवायचं नाही, रेघाच गायकाच्या मापाने आखायच्या. मग कांचनचा आवाज, एक शब्दही न हलवता, त्यावर ठेवला. ती चपखल बसली. मी एकटीच होते, म्हणून मोठ्याने रडले.

आणि ती छाटलेली जागा. "सुटेना ही वाट" म्हणताना खाली ठोका बंद होतो. पत्र्याचा रोल संपलेला असतो. कुणीतरी "नवा लाव रे" म्हणून ओरडतं, काहीतरी जड सरकवल्याचा आवाज येतो. तेवढा वेळ कांचन 'वाट' हा एकच शब्द धरून ठेवते. श्वास संपत येतो, आवाज बारीक होतो, पण ती सोडत नाही. मग खाली पहिला ठोका पडतो आणि ती नेमकी त्यावर पुढची ओळ उचलते. शब्द कुठला विसरायला. ती साथीदाराची वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवशी तेजसला बोलावलं आणि काही न सांगता ऐकवलं.

"ड्रमर कोण घेतलात?" त्याने विचारलं.

"अन्वरभाईंचं प्रेस."

"सोमवारचं मी बघतो," तो म्हणाला. " हे असंच पाहिजे."

फोनमधला ठोका फार पुसट होता, म्हणून त्या जागी बसवायला प्रेसचे ठोके चांगल्या माइकवर नव्याने रेकॉर्ड करायला गेलो. अन्वरभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "मॅडम, काल रात्रीच मशीनला ऑइलिंग-ग्रीसिंग केलंय. आता एकदम गोड वाजेल," ते म्हणाले. खरंच गोड वाजत होतं आणि मला ते नको होतं. ठोका पूर्वीसारखा खरखरीत व्हायला दोन दिवस काम चालू द्यावं लागलं. अन्वरभाई नाराज झाले. मग मी त्यांना गाणं ऐकवलं आणि ते खुर्चीत बसले.

"मी तिला कितीदा बोललो, बेटा, बंद करू का थोडा वेळ? ती नको बोलायची. मला वाटायचं, लाजते. माझ्या मशीनमुळे पोरीचं गाणं खराब होतं, असं मनात घेऊन बसलो होतो मी." त्यांनी डोळे पुसले आणि कामगाराला उगाच एक शिवी दिली.

अल्बम बाहेर पडायच्या आदल्या गुरुवारी आम्ही तो त्यांच्या गल्लीत लावला. मशीन बंद, गल्ली शांत. वर्कशॉपच्या दारात दोन स्पीकर, समोर खुर्च्या. मावशी पहिल्या खुर्चीत. आठ गाणी झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नववं लागलं आणि बंद वर्कशॉपमधून प्रेसचा ठोका येऊ लागला, तेव्हा दोन कामगारांनी खरोखर मागे वळून शटरकडे पाहिलं.

दुसरा अंतरा आला. "सुटेना ही वाट..." आणि ठोका थांबला. एकटा तिचा आवाज उरला, बारीक होत चाललेला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सिस्टीम बिघडली असं वाटून स्पीकरवाला वायर तपासायला उठला.

"बसा हो," मावशी म्हणाल्या. त्यांचा हात मांडीच्या जरा वर उघडा धरलेला होता, परातीवर असतो तसा. "रोल बदलायलेत. व्हतंय चालू."

ठोका पडला. त्यांचा हात मांडीवर पडला. आणि कांचनने पुढची ओळ उचलली.

अल्बम छान चालला. नववं गाणं सगळ्यात जास्त चाललं. श्रेयनामावलीत ताल या शब्दापुढे अन्वरभाईंच्या वर्कशॉपचं नाव आहे, आणि ते गिऱ्हाइकाला वॉशरच्या आधी ते दाखवतात. तेजस आता सगळीकडे सांगतो की पोरीच्या तालाची जाण त्याला पहिल्याच दिवशी कळली होती. मी त्याला चहा देते आणि गप्प बसते. आयुष्यात शेकडो गाणी मिक्स केली, पण माझं काम काय असं कुणी विचारलं तर मी हे एकच ऐकवते.

त्या दिवसापासून माझ्या स्टुडिओत एक नियम आहे. आलेली फाइल आधी मळकीच ऐकायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. धुणं नंतर.