जेवू द्या त्याला आधी

ती घटना आठवली की आजही माझ्या नाकात हुलग्याच्या शेंगोळ्यांचा वास येतो.

तेव्हा मी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी झाली की तिकडची गावं ओस पडतात. कर्ती माणसं ऊसतोडीला जातात, मागे उरतात म्हातारे. त्या दिवसांत ठाण्यात तक्रारीही कमी येतात, कारण भांडायलासुद्धा गावात कोणी नसतं.

अशाच एका सकाळी एका रुग्णालयातून आरोग्यमित्राचा, म्हणजे सरकारी विमा योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, फोन आला. "साहेब, एक आजी पित्ताशयाच्या ऑपरेशनला आल्यात. पण त्यांच्या आयुष्मान कार्डावर दुसऱ्याच दवाखान्यातले मोठे उपचार दिसतायत. वर्षाची मर्यादा संपलीय."

आजींनी त्याआधी कधी दवाखान्याची पायरीही चढलेली नव्हती. चौकशी होईपर्यंत ऑपरेशन थांबलं. फार थांबणं जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

आजींना घरी आणल्यावर मी महिला हवालदारांना घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो.

"कार्ड कोणी काढून दिलं?"

"येतो एक पोरगा."

"दिसतो कसा?"

"चांगला हाय."

पुढे तोंडाला कुलूप. सराईत दरोडेखोर बोलते केलेत मी, पण या बाईपुढे माझी मात्रा चालेना. एवढंच कळलं की त्याने मशीनवर अंगठा घेतला होता. ओटीपी मुलाच्या मोबाईलवर गेला. मुलगा ऊसतोडीवर. आजींनी फोन लावला, त्याने गाडी भरता भरता आकडे सांगितले आणि फोन ठेवला. 'कशी हायस' एवढं विचारायलाही त्याला उसंत नव्हती.

हवालदार बाईंनी मला खुणेनेच बाहेर काढलं आणि स्वतः आजींबरोबर शेंगा फोडत बसल्या. दुपार कलल्यावर बाहेर आल्या.

"साहेब, बाजाराच्या दिवशी तो परत येणार आहे. बाकीच्या म्हाताऱ्यांचे अंगठे राहिलेत. आजी त्याच्यासाठी शेंगोळे करणार आहेत."

"त्याच्यामुळेच ऑपरेशन अडलंय, हे सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, 'म्हाईत हाय मला. पर त्यो बसतो माझ्यापाशी.'"

मी बाजाराचा वार डायरीत लिहून घेतला.

बाजाराच्या दिवशी दोन पंच घेऊन शेजारच्या गोठ्यात सापळा लावला. पोरगा आला, आजींच्या पाया पडला, ताटावर बसला. आम्ही आत शिरलो तशा आजी आडव्या आल्या.

"जेवू द्या त्याला आधी. मंग न्या."

पंचांच्या देखत आरोपी जेवला. माझ्या उभ्या नोकरीत असा पंचनामा दुसरा झाला नाही.

ठाण्यात तो लगेच पोपटासारखा बोलू लागला. एका खाजगी दवाखान्याला तो कार्डं पुरवायचा आणि तिथे कागदोपत्री रुग्ण दाखवून बिलं काढली जायची. लोक इतका विश्वास कसे ठेवतात, असं विचारलं तर म्हणाला, "काय करावं लागत न्हाई साहेब. निस्तं बसायचं अन् आयकायचं."

त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. पण गडी खरं बोलत होता, आणि राग त्याचाच जास्त आला.

आमच्या अहवालानंतर कार्डावरचे खोटे उपचार रद्द झाले आणि ऑपरेशन पार पडलं. मुलाला हंगाम सोडून येता आलं नाही. नातेवाइकांच्या बाकावर हवालदार बाईच बसल्या.

हे कार्ड फुकट निघतं. गावातल्या आशा सेविकेला विचारलं तरी वाट सापडते. सत्तरी ओलांडलेल्यांना तर उत्पन्नही विचारत नाहीत. ओटीपी कोणाला सांगू नये, हे मी गावोगावी ओरडून सांगितलं. पण आजींच्या बाबतीत हे सगळं ज्ञान कुचकामी होतं. त्यांना फसवणूक कळली होती आणि तरीही त्यांनी चूल पेटवली होती. गुन्हेगार शिरतो तो अशाच रिकाम्या घरात, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

ऑपरेशननंतर भेटायला गेलो तेव्हा आजींनी एकच विचारलं, "आता बाजाराच्या दिशी कोन येनार?"

माझी बदली होईपर्यंत दर बाजाराच्या दिवशी हवालदार बाई त्या वस्तीवर जात. ठाण्याच्या डायरीत मी 'गस्त' अशी नोंद घालत असे. आता तिकडे गस्तीला कोण जातं, मला माहीत नाही.