उजव्या गालावरचा तीळ

आमच्या सुशीचे वरचे दोन दात आजही एकमेकांवर तंगडी टाकून बसलेले आहेत आणि त्याचं संपूर्ण श्रेय माझं आहे. (दात तिचे, श्रेय माझं.) ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, सुशीला तर नाहीच. आप्पांना सांगणार होतो, पण मी धीर गोळा करेपर्यंत आप्पाच गेले.

गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची. आमचं गाव राहुरीजवळ आणि मी नगरला एका फोटो स्टुडिओत नोकरीला. मालक फोटो काढत. मी अंधारखोलीत ते धुवायचो, छापायचो आणि बारीक पेन्सिलीनं नेगेटिव्हवर ‘सुधारणा’ करायचो. म्हणजे देवीचे व्रण बुजवायचे, डोळ्याखालची काळी वर्तुळं घालवायची, मुलीचं नाक जरा आवरतं घ्यायचं. आमच्या स्टुडिओच्या कृपेनं त्या काळात नगर जिल्ह्यातल्या एकाही उपवर मुलीच्या चेहऱ्यावर व्रण नव्हता. लग्नानंतर तो उगवायचा.

या धंद्यामुळे माझी नजर फार तयार झाली आहे, असा एक समज गावात पसरला होता. पसरवणारा मीच.

सुशी माझी धाकटी बहीण. शाळेत तिला पोरी ‘अडकित्ता’ म्हणायच्या. म्हणून तिनं हसताना तोंडावर हात धरायची सवय लावून घेतली होती, आणि ती इतकी पक्की की दोन्ही हात कामात असले तर ती हसायचीच नाही. डोक्यावर गवताचा भारा असताना तिला सांगितलेला विनोद फुकट जायचा. भारा गोठ्यात टाकून, हात मोकळे झाल्यावर मग ती त्या विनोदाला हसायची. आईला वाटायचं, पोरीला उशिरा कळतं.

तेवढ्यात केडगावच्या भाऊमामांनी कवळी बसवली आणि ती दाखवायला ते खास आमच्याकडे आले. मामा आल्यापासून जाईपर्यंत हसतच होते, कारण नसताना. त्यांच्याकडून सुशीला कळलं की नगरात एक दातांचा डॉक्टर आहे आणि तो वाकडे दात तारा लावून सरळ करतो. त्या दिवसापासून तिनं आप्पांच्या मागं टुमणं लावलं. आईला हे सगळं थेर वाटत होतं. तिचा उपाय स्वस्त आणि पिढीजात होता: मिशरी लाव, दात काळे झाले की कोण वाकडं आणि कोण सरळ, काही दिसत न्हाई.

आप्पा म्हणाले, “लग्नाचं मी बगतो की. नेवाशाकडचं ठिकान हाय. दाताचं काय यवडं?”

सुशी म्हणाली, “लग्नासाठी न्हाई आप्पा. मला एकदा हात न धरता हसायचंय.”

आप्पा उठून गोठ्यात गेले. कांदा विकून पट्टीचे पैसे हातात आल्यावर मात्र त्यांनी आपणहून सांगितलं की चल, एकदा जाऊ. पण एकदाच. माणूस खरा वाटला तर ठीक, लबाड वाटला तर हा विषय परत घरात काढायचा नाही. आणि माणूस खरा की लबाड हे ठरवायला त्यांनी जिल्ह्यातला सगळ्यात लायक परीक्षक नेमला. मला!

आप्पांना माणसं पारखायची एकच रीत ठाऊक होती, ती बैलबाजारातली. बैल कितीही देखणा असो, आप्पा आधी त्याचा जबडा उघडायचे. दोनदाती, चारदाती की सगळे दात येऊन जुळलेला, ते बघितल्याशिवाय दावं हातात घ्यायचे नाहीत. त्यामुळं दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर ते डॉक्टरांच्याच तोंडाकडे टक लावून बघायला लागले. डॉक्टर बिचारे बोलता बोलता ओठ मिटून घ्यायला लागले.

आत जायच्या आधी मी सगळ्यांना बजावलं होतं की मी स्टुडिओत असतो हे डॉक्टरांना सांगायचं नाही. परीक्षकानं ओळख द्यायची नसते. (ही शिस्त मी त्याच सकाळी शोधून काढली होती.) खिशात स्टुडिओतलं भिंग होतं. सुशीनं नवीन लुगडं नेसलं होतं आणि ती खुर्चीच्या अगदी कडेवर, उडायच्या तयारीत बसली होती.

डॉक्टरांनी तिचे दात बघितले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं दात निरोगी होते, फक्त जागेवरून भांडत होते. बाजूचा एक दात काढला आणि वर्षभर तार लावली की सरळ होतील. आप्पांनी विचारलं की याला पुरावा काय? तेव्हा डॉक्टरांनी कपाटातून एक जाडजूड अल्बम काढला. डाव्या पानावर ‘आधी’, उजव्या पानावर ‘नंतर’.

आप्पांनी अल्बम न उघडता माझ्यापुढे सरकवला.

मी भिंग काढलं. खोलीत शांतता पसरली. अशी शांतता माझ्या वाट्याला आयुष्यात परत कधी आली नाही.

पहिल्याच पानावर मला दिसलं की ‘आधी’ची सगळी माणसं पाकीट मारताना सापडल्यासारखी उभी आहेत आणि ‘नंतर’ची सगळी बोहल्यावर. मी हळूच म्हणालो, “आधीच्यात उजेड खालनं मारलाय. खालनं उजेड मारला की कुणीबी राक्षस दिसतो.” आप्पांनी मान डोलावली. पुढच्या पानावर मी ‘नंतर’च्या बाईंच्या तोंडावरची पावडर पकडली. त्याच्या पुढं एकाची हनुवटी वर उचललेली पकडली. डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, “अहो, दात बघा ना. पावडर काय बघता?” पण मी आता दातांच्या पलीकडे गेलो होतो.

बरोबर आलेल्या भाऊमामांना राहवेना. या डॉक्टरची शिफारस त्यांची होती, म्हणजे अब्रूही त्यांचीच. त्यांनी सरळ तोंडात बोटं घालून याच डॉक्टरांनी बसवलेली स्वतःची कवळी काढली आणि पुरावा म्हणून रुमालावर, टेबलाच्या मधोमध ठेवली. मग ते तावातावानं डॉक्टरांची बाजू मांडायला लागले. पण दात टेबलावर असल्यामुळं त्यातला एक शब्द कुणाला कळेना. आप्पा कवळीकडे बघून एवढंच म्हणाले, “ह्ये समदे पाडून बशिवलेत. पाडायला अक्कल लागत न्हाई, भाऊ.” मामा आणखी चिडले आणि आणखी अस्पष्ट झाले.

आणि तेवढ्यात मला तो सापडला.

पस्तिशीचा एक गृहस्थ. ‘आधी’च्या फोटोत दात फावड्यासारखे पुढं, डाव्या गालावर ठसठशीत तीळ. ‘नंतर’च्या फोटोत दात ओळीत, अगदी मोत्यासारखे. आणि तीळ उजव्या गालावर!

मी भिंग खाली ठेवलं. (असं भिंग खाली ठेवायला कुठं शिकलो होतो देव जाणे.) “डॉक्टर,” मी म्हणालो, “दात सरळ करताना तुम्ही तीळपन हलवता का?”

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला. त्यांचा चेहरा उतरला. “अरेच्चा! हे असं कसं? माणूस तोच आहे हो. जवळच राहतात ते. थांबा, बोलावूनच आणतो.”

“आना की,” मी म्हणालो. “काजळाचा तीळ कुठल्याबी गालावर काढता येतो.”

इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आप्पा माझ्याकडे, जुळलेल्या बैलाकडे बघावं तसे बघत होते. त्यांनी माझ्याकडे असं आधी कधी बघितलं नव्हतं. मी पुन्हा भिंग उचललं. “भांग बघा. आधीच्यात डावीकडं, नंतरच्यात उजवीकडं. आणि सदऱ्याचा खिसा बघा. नंतरच्यात खिसा उजव्या छातीवर. असा सदरा कोन शिंपी शिवतो? ही दोन येगळी मानसं हायेत, आप्पा. सरळ दाताचा मानूस धरून आनलाय आनि तीळ काढताना गाल चुकलाय.”

आता वाचकहो, फोटोच्या धंद्यातलं कालचं पोरसुद्धा हे ऐकून डोक्याला हात लावील. तीळ दुसरीकडे, भांग दुसरीकडे, खिसाही दुसरीकडे, याचा अर्थ एकच असतो: छापताना नेगेटिव्ह उलटी घातली गेली. आरशात दिसतं तसं डाव्याचं उजवं झालं. अंधारखोलीत घाई झाली की हे होतं. माझ्या हातून महिन्यातून एकदा तरी व्हायचं. पण त्या खुर्चीत मी फोटोवाला नव्हतोच, न्यायाधीश होतो.

आप्पा उठले. सुशीला म्हणाले, “ऊठ.”

ती उठली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. “दादा, नीट बग ना रे आजून एकदा.”

म्हणून मी नीट बघितलं. आणि भिंगात, फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, मला विळ्याच्या आकाराची एक बारीक पांढरी रेघ दिसली. ही रेघ माझ्या चांगल्या ओळखीची होती. नेगेटिव्ह दाबून धरायच्या आमच्या काचेला, पुसताना माझ्याच अंगठीनं पडलेला तो चरा. मालक रोज त्यावरून मला शिव्या घालायचे. जगात अशी रेघ पडणारे फोटो एकाच अंधारखोलीतून बाहेर पडत होते आणि त्या खोलीत एकच गाढव काम करत होतं.

फोटो मी छापला होता. उलटा मी छापला होता. आणि मीच तो भिंग लावून पकडला होता!

एक वाक्य पुरलं असतं. “आप्पा, माझी चूक झाली.” पण आप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता. ते डॉक्टरांना सांगत होते, “आमचं थोरलं हाय. याच्या नजरंतनं काय सुटत न्हाई.”

मी भिंग खिशात घातलं आणि म्हणालो, “चला.”

मामा कवळी उचलून रुमालासकट तोंडात घालायला लागले इतके ते संतापले होते. पुढं दोन दिवाळ्या त्यांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बाहेर आवाज आला. तो ओळखून मी अंधारखोलीचं दार ओढून घेतलं. डॉक्टर तो फोटो घेऊन मालकांकडे आले होते. कुणी एक दीडशहाणा भिंगवाला येऊन आपल्याला भर दवाखान्यात लबाड ठरवून गेला, असं ते सांगत होते. मालकांनी मला हाक मारली. मी अंधारखोलीतून ओरडलो, “कागद उघडा आहे, दार उघडू नका!” अंधारखोलीत याला तोड नाही. कागदाला उजेड लागला तर सगळा डबा वाया. मालक थांबले. थोड्या वेळानं पुन्हा हाक. माझा कागद अजून उघडाच. डॉक्टर वाट बघून निघून गेले तेव्हा कुठं माझा कागद मिटला.

मालकांनी चार शिव्या घालून तो फोटो माझ्याकडूनच पुन्हा छापून घेतला. लाल दिव्याखाली, पाण्यात, तो गृहस्थ हळूहळू वर आला. तीळ डाव्या गालावर. खिसा डाव्या छातीवर. आणि दात? दात खरंच सुंदर होते. ते बघणारा मी एकटा.

एक जादा प्रत काढून ती रविवारी गावाला न्यायची, आप्पांपुढे ठेवायची, असं मी ठरवलं. गेलो. पण आप्पांनी तोवर पारावर, गुऱ्हाळावर, सोसायटीच्या दारात, सगळीकडे सांगून टाकलं होतं की आपल्या पोरानं नगरचा डागदर कसा उघडा पाडला. मी एसटीतून उतरलो तर चार जण माझी वाटच बघत होते. एकाकडे केसांच्या तेलाची जाहिरात होती, टकला आणि केसाळ. खरं का खोटं सांग. एकाकडे भावी सुनेचा फोटो. (तो आमच्याच स्टुडिओतला होता. नाक मीच आवरलं होतं. मी म्हणालो, नाक अस्सल आहे.) आणि एकजण तर बैलाचा फोटो घेऊन आला होता.

रात्री जेवताना सुशीनं वाढता वाढता विचारलं, “दादा, खरंच ती दोन मानसं हुती का रे?”

फोटो माझ्या पिशवीत होता. आप्पा समोर भाकरी कुस्करत होते.

“व्हय,” मी म्हणालो.

“मग बरं झालं तू हुतास,” ती म्हणाली. “न्हायतर चांगला दात गेला असता.”

पुढच्या वर्षी पाऊसच पडला नाही. दातांचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. त्यानंतर नेवाशाकडचे लोक तिला बघायला आले. तिनं सगळ्या प्रश्नांना ओठ मिटून उत्तरं दिली. मुलगी फार मर्यादेची आहे म्हणून त्यांनी तिथल्या तिथं पसंत केली. माणसं चांगली निघाली. नवरा विनोदी निघाला, ही आणखी एक पंचाईत. बिचारा अजून बायकोचे हात मोकळे व्हायची वाट बघत विनोद सांगतो.

आता माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. जगाला ‘हसा’ म्हणून मी पोट भरतो. मागच्या महिन्यात सुशीच्या थोरल्याचं लग्न झालं. फोटो अर्थातच मामाचे, म्हणजे माझे. जोडप्याला ओवाळायला ती ताट घेऊन पुढं झाली, कुणीतरी काहीतरी बोललं आणि तिला जोराचं हसू आलं. दोन्ही हातांत ताट. मी कॅमेऱ्यातून बघत होतो. तिनं पटकन तोंड फिरवलं. माझ्या फोटोत तिचा अंबाडा आला.

नंतर ती मला म्हणाली, “आसू दे रे दादा. त्यो डागदर लबाड निघाला त्याला तू तरी काय करनार?”

म्हणून हे लिहायला बसलो. सुशी छापलेलं सगळं वाचते, पुडीचा कागदसुद्धा सोडत नाही. तेव्हा हेही वाचेलच. सुशे, डॉक्टर खरा होता. माणूस एकच होता. तो सुलटा फोटो अजून माझ्या पेटीत आहे, हवा तर येऊन बघ, भिंग मी देईन.

तुझा एक ‘नंतर’चा फोटो मी देणं लागतो.