रोझविथा टीडेमान नाही म्हणते

आमच्या गावात नकार द्यायची प्रत्येकाची आपापली तऱ्हा आहे. डीर्क्समास्तर 'तत्त्वतः हो' म्हणतात, की समजायचं विषय संपला. सुतार ऊवे 'मनापासून आवडलं असतं' म्हणतो आणि लगेच कंबर धरतो. म्हातारी हाइनेके नुसतं 'न्यो' म्हणते आणि पुढचा बटाटा सोलायला घेते. एकट्या रोझविथा टीडेमानला यातलं काही म्हणता काही येत नव्हतं. बेकरीच्या काउंटरवर एकतीस वर्षं उभं राहून तिच्या तोंडात 'हो' बसलं होतं ते बसलंच.

म्हणून तर ती एकोणीस वर्षं गावच्या गायकमंडळाची अध्यक्ष होती. मंडळात ती आली होती गायला! पण तालमीला हिने खुर्च्या मांडायच्या, कॉफी करायची, आणि कार्यक्रमाच्या दिवशी अंगणात सॉसेज भाजत उभं राहायचं. आत गाणी दुसरे म्हणायचे. मला तर भारी राग यायचा. येत्या मे महिन्यात मंडळाला शंभर वर्षं होणार होती, आणि काही झालं तरी तिला त्या दिवशी रांगेत उभं राहून गायचं होतं. त्यासाठी वार्षिक सभेत अध्यक्षपद नाकारायला हवं होतं.

"आई, कारण अजिबात द्यायचं नाही," मुलगी वीबकेने सभेच्या दुपारी बजावलं. "तू म्हणणार गुडघा दुखतो, ते उशी आणून देतील. तू म्हणणार वेळ नाही, ते वेळ बदलतील. कारण दिलंस की मेलीस!"

"मग नुसतं नाही म्हणू? उद्धट वाटेल गं."

"वाटू दे की! म्हण बघू."

रोझविथाने कॉफीच्या किटलीला नाही म्हणून पाहिलं. आवाज इतका बारीक आला की वीबके हसून लोटपोट झाली.

संध्याकाळी खानावळीच्या मागच्या दालनात सत्तावीस माणसं जमली. अध्यक्षपदासाठी नाव सुचवा म्हटल्यावर नेहमीचंच झालं. सगळ्यांच्या माना खाली, आणि जो तो बिअरच्या ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती न्याहाळतोय. एकटी रोझविथा तेवढी वर बघत होती.

"रोझविथाच!" ऊवे म्हणाला. भराभर हात वर झाले.

डीर्क्समास्तर उठले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, "रोझविथा, ही निवड तुला मान्य आहे?" एरवी हा नुसता उपचार. लोक टाळ्यांसाठी सरसावूनच बसले होते.

रोझविथाने ग्लास बाजूला सारला. "नाही," ती म्हणाली.

कोणीतरी सवयीने टाळी वाजवलीसुद्धा.

"का गं? तब्येत?" ऊवेने विचारलं. "माझी बायको गाडीने नेईल-आणेल तुला."

"तब्येत ठणठणीत आहे."

"मंडळाची पत्रं लिहायचा कंटाळा आला असेल," मास्तर म्हणाले. "ती मी लिहीन."

"नाही."

"अगं पण काहीतरी कारण असेल ना!"

गुडघा अगदी जिभेवर आला होता. तिने तो गिळला. "मला नकोय. बस्स!"

"अध्यक्ष नसेल तर मंडळ बंद करावं लागेल," मास्तर म्हणाले. "शंभराव्या वर्षी."

हे मात्र काळजात घुसलं. मंडळच नसेल तर गायचं कुठे? हो म्हणून टाकलं की सुटका! तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग जन्मात पहिल्यांदा मान खाली घालून तीही चकती बघत बसली. एक मिनिट गेलं. दोन गेली. बापरे, काय मिनिटं होती ती! इतकी वर्षं ही शांतता तीच मोडत आली होती, त्यामुळे ती केवढी लांब असते हे आमच्यातल्या कोणाला ठाऊकच नव्हतं.

"बरं बाबा, मी करतो!" ऊवे ओरडला. "पण एकच वर्ष!"

दालन दणाणलं. म्हातारी हाइनेके टेबलावर मुठी आपटत सुटली. रोझविथा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

गुरुवारी तालमीला ती दुसऱ्या रांगेत उभी राहिली आणि तिने गळा सोडला. खिडकीच्या काचा थरथरल्या म्हणा ना! गाणं बसवणाऱ्या येसनबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"रोझविथा, जरा हळू घेशील का? बाकीच्यांचं ऐकूच येत नाही."

"नाही," रोझविथा म्हणाली, आणि पान उलटून पुढची ओळ तिने त्याच आवाजात सुरू केली.