भगवानचं कोपर

न्हावा शेवाच्या रस्त्यावर ट्रेलर चालवण्यात भगवानची अर्धी हयात गेली. उजवं कोपर खिडकीबाहेर टेकवून बसायची सवय. त्या दुपारी रांगेत उभा असताना उजव्या बाजूने एक कंटेनर घुसला, दाराला घासत गेला आणि कोपराचा चुरा झाला.

पनवेलच्या इस्पितळात डॉक्टर विनिता यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दंडाचं हाड खाली, सांध्यापाशीच फुटलं होतं. मागून कोपराचं टोक कापून आत शिरायचं, तुकडे जुळवून दोन्ही बाजूंनी पट्ट्या बसवायच्या, मग ते टोक तारेने बांधायचं.

"नंतर हात तुम्ही स्वतः हलवायचा, हळूहळू. कोणी ओढायचा नाही. मालिश तर अजिबात नाही."

ऑपरेशन नीट झालं. पण करंजाड्याच्या घरी हात काही वाकेना. करंगळी बधिर. बायको चंद्रावतीला ते बघवेना. ती तेल कोमट करून रोज कोपर चोळायची, दाबून वाकवायची. भगवान दातांत टॉवेल धरायचा. तिला तेवढंच करता येत होतं, म्हणून तो नको म्हणाला नाही. हात सुजला, गरम झाला, आणि मग लाकडासारखा अडकला.

एक्स-रेत सांध्यापुढे पांढरा ढग दिसला.

"चोळल्यामुळे इथे नवं हाड धरलंय," डॉक्टर म्हणाल्या. "मालिश कोणी केली?"

चंद्रावतीचा चेहरा उतरला. ती काही बोलायच्या आत भगवान म्हणाला, "आपटा गावात हाडं चोळणारा एक म्हातारा हाय, त्याच्याकडं गेलतो. हिला ठाव नाय."

डॉक्टर बराच वेळ बोलल्या. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

रिक्षाची वाट बघताना चंद्रावतीने विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"तुला बोलल्या असत्या. ते मला ऐकवलं नसतं."

ते नवं हाड वाढायचं थांबून पक्कं होईपर्यंत थांबावं लागलं, मग दुसरं ऑपरेशन. वाढलेलं हाड काढलं, तरी हात तोंडाच्या वीतभर अलीकडेच थांबला. ट्रेलर सुटला तो सुटलाच. मालकाने यार्डाच्या फाटकावर राखणीला बसवलं. लग्नाच्या पंगतीला भगवान आता बसत नाही. घरी मान ताटाकडे नेऊन जेवतो.

चंद्रावतीने त्या हाताला पुन्हा कधी हात लावला नाही. सकाळी ती शर्टाची बाही धरून उभी राहते, आणि तो आपला हात आपणच आत सरकवतो. वेळ लागतो.