रफूताईंचा नंबर

कापडाला पडलेलं भोक असं बुजवायचं की नंतर ते मालकालाच सापडू नये, हे रफूताईंचं काम. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे दोन-चार धागे उपसायचे आणि उभा-आडवा एकेक धागा वर-खाली घालत भोक भरून काढायचं. जिन्याखालच्या दीड माणसाच्या खोलीत एकतीस वर्षं त्या हेच करत आल्या. कुणी फार घाई केली तर शांतपणे म्हणायच्या, "ठिगळ लावून देऊ का? तेही छान दिसतं. लांबून."

मग उजव्या डोळ्यात जंतू शिरले. औषधांनी ते गेले, पण जाताना बुबुळावर पांढरा डाग ठेवून गेले. डावा डोळा लहानपणापासून नावापुरताच. सुईचं नेढं दिसेना, मग सुई दिसेना, आणि एक दिवस समोरचं गिऱ्हाईक बाई आहे की बाप्या हेही आवाजावरून ओळखायची वेळ आली.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "बुबुळावरची काच बदलावी लागेल. कुणी गेल्यानंतर घरच्यांनी दान केलेली. यादीत नाव घालते."

"साधारण कधीपर्यंत?" धाकट्या भावाने विचारलं.

"ते माझ्या हातात नाही हो."

भावाला हे उत्तर पचेना. तो पार्सलं पोहोचवणाऱ्या कंपनीत होता. कुठली पेटी कुठल्या वळणावर आहे हे त्याच्या फोनवर मिनिटामिनिटाला दिसायचं. दर सोमवारी तो नेत्रपेढीला फोन लावी. पुढे पुढे तिथली मुलगी त्याचा आवाज ऐकताच "नाही हो दादा, अजून नाही" म्हणू लागली.

ताई रोज सकाळी खिडकीपाशी हात जोडून बसत. एक दिवस तो वैतागलाच. "ताई, नुसती बसतेस काय? जरा जोर लाव की! लवकर पाठव म्हण."

"ते म्हणवत नाही रे."

"का?"

"लवकर पाठव म्हणजे काय? कुणाच्या तरी घरात लवकर रडारड होऊ दे, असंच ना?"

"मग रोज मागतेस तरी काय?" भावाने विचारलं.

"काही नाही. मी इथे आहे, एवढं सांगते. पुढचं त्याचं तो बघेल."

म्हणून त्या काही संत नव्हत्या. एकदा कात्री हातातून निसटली आणि अर्धा तास जमीन चाचपूनही सापडेना, तेव्हा फरशीवर बसून त्यांनी देवाची चांगली खरडपट्टी काढली. एकतीस वर्षं कुणाचं वाकडं केलं नाही, त्याचं हे फळ का, इथपर्यंत. मग पदराने तोंड पुसलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीपाशी बसल्या. हाताच्या अंदाजाने बटणं लावायची कामं घेऊ लागल्या.

सातव्या महिन्यात, एका मंगळवारी दहा वाजता फोन आला. भावाने स्कूटर अशी हाणली की ताईंना दिसत नव्हतं तेच बरं. अंगावर हिरवा झगा चढला, डोळ्यात थेंब पडले, आणि डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"एक वेल्डर आत्ताच आलाय. त्याच्या बुबुळाला भोक पडलंय. आज काही केलं नाही तर डोळाच जाईल. तुमचा नंबर पहिला आहे, पण तुमचा डोळा थांबू शकतो."

"सात महिने थांबलीय ती!" भाऊ ओरडला.

"मग आता सवय झालीय," ताई हसून म्हणाल्या. "त्याला द्या."

नंतर बाथरूममध्ये जाऊन त्यांनी नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं. परतताना भावाने स्कूटर इतकी सावकाश चालवली की मागचे हॉर्न वाजवून थकले.

पुढचा फोन अकरा आठवड्यांनी आला, भर दुपारी. ताई उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"चल ना, उशीर होईल!"

"दोन मिनिटं. ज्यांच्या घरातून आलंय, त्यांच्याकडे आज..." त्यांनी खिडकीकडे तोंड करून हात जोडले.

भावाने हेल्मेट काढलं आणि शेजारी बसला. खिशात फोन वाजत राहिला. त्याने वाजू दिला.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे धरला. "किती बोटं?"

"दोन. धुरकट आहेत, पण दोनच!"

"धूर हळूहळू निवळेल. काही महिने लागतील."

"लागू देत. टाके किती घातलेत?"

"सोळा."

"सलग की सुटे?"

"सुटे," डॉक्टरीणबाई हसल्या.

"बरं केलंत. एखादा उसवला तरी बाकीचे धरून ठेवतात."

डोळा कुणाचा, हे कुणी सांगत नाही. ताईंनी विचारलंही नाही. सकाळच्या बसण्यात आता तेवढं एक मागणं मात्र आलं, त्या अनोळखी घराला सांभाळ म्हणून.

ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात टाके निघू लागले, नवा चष्मा आला. तो लावून ताई स्वयंपाकघरात शिरल्या तर भाऊ टेबलाशी जेवत होता. त्या दारातच थबकल्या.

"अरे, तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तुझ्या नंबराची वाट बघताना."

दोघं हसायला लागले. भावाचं हसणं थांबेना, आणि बघता बघता त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. ताईंनी त्याच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

"पुरे आता, जेव. गार होतंय."